गोगलगाय, गाव आणि ११५ वर्षे



इसवी सन १८८१ च्या ऑगस्ट महिन्यात जपानमधील यामानाशी प्रांतातल्या कासुगाई नावाच्या खेड्याच्या कारभाऱ्याने प्रांताधिपतीकडे एक अर्ज पाठविला. आपल्या गावातील माणसांची पोटे पाण्याने फुगतात, ती दिवसेंदिवस खंगत जातात आणि अखेर मृत्यू पावतात. याचे कारण काय आणि गावाने काय करावे याविषयी मार्गदर्शन व्हावे, असा त्या अर्जाचा आशय होता. शासकीय कचेऱ्यांत असे अर्ज रोजच येतात आणि त्यांपैकी पुष्कळसे दप्तरातच विसावतात. या अर्जाचे उत्तर मात्र अखेर मिळाले. ते पूर्ण व्हावयास ११५ वर्षे लागली.

फुजी पर्वताच्या उत्तरेस डोंगरांनी वेढलेले कोफूचे खोरे आहे. नद्यांचे पाणी पाटांनी खेळविलेले, जमीन सुपीक, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती. परंतु या सुपीक खोऱ्यातील काही गावांची मोठी अपकीर्ती होती. तेथे मुलगी देण्यास आईबाप कचरत. भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या पायांना खाज सुटे व बारीक पुरळ उठे. काही आठवड्यांनी ताप येई, शौचावाटे रक्त पडे. हा त्रास वर्षानुवर्षे होत राहिला म्हणजे यकृत आणि प्लीहा वाढून जलोदर होई. लहानपणीच लागण झालेल्या मुलांची वाढ खुंटे. सैन्यभरतीच्या तपासणीसाठी येणारे या गावांतील तरुण इतके खुजे आणि अशक्त का, असा प्रश्न लष्करी डॉक्टरांनाही पडला होता. गावकरी या दुखण्यास नुसते ‘इथला रोग’ म्हणत. ज्या दुखण्यास गावाचेच नाव चिकटते ते प्रारब्धाचा भाग मानले जाते, आणि प्रारब्धाविरुद्ध कोणी अर्ज करीत नाही. त्या कारभाऱ्याने तो केला, हे त्याचे मोठेपण होय.

त्यानंतर १६ वर्षांनी, १८९७ मध्ये, एका स्त्रीने या शोधास जी मदत केली तिला तोड नाही. सुगियामा नाका ही त्याच खोऱ्यातील शेतकरी कुटुंबातील स्त्री. जलोदराने ती अंथरुणास खिळली होती आणि आपण वाचणार नाही हे तिने ओळखले होते. आपल्या मृत्यूनंतर शरीर उघडून रोगाचे कारण शोधावे, म्हणजे निदान इतरांचे तरी प्राण वाचतील, अशी लेखी विनंती तिने केली. मृतदेहास शस्त्र लावणे ही कल्पनाच ज्या काळी समाजास असह्य होती, त्या काळातील एका खेडवळ स्त्रीची ही विनंती होती. तिच्या इच्छेप्रमाणे डॉक्टरांनी शवविच्छेदन केले. यकृतात एका अपरिचित कृमीची अंडी रुतून बसलेली आढळली. अंडी घालणारा कृमी मात्र सापडला नाही. तिच्या स्मरणार्थ उभारलेला शिलालेख कोफू येथे आहे.

तो कृमी १९०४ मध्ये सापडला, आणि तोही मांजरात. कात्सुरादा फुजिरो हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक त्या खोऱ्यातील मिकामी नावाच्या वैद्यकीय व्यावसायिकाच्या घरी संशोधनासाठी आले होते. माणसास होणारा रोग त्याच गावात वावरणाऱ्या जनावरांसही होत असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. मिकामींच्या घरच्या मांजरीचे नाव ‘हिमे’, म्हणजे राजकन्या. तिच्या यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत हे कृमी मिळाले. एक ते दोन सेंटिमीटर लांबीचे, नर आणि मादी जन्मभर एकमेकांस बिलगून राहणारे, आतड्यात नव्हे तर थेट रक्तात राहणारे असे ते कृमी होते.

आता प्रश्न उरला तो हा कृमी शरीरात शिरतो कसा याचा. दूषित पाणी पिण्यातून तो पोटात जातो, असे बहुतेक विद्वानांचे मत होते. शेतकरी मात्र फार पूर्वीपासून सांगत आले होते की पाण्यात पाय घातल्यावर खाज सुटते आणि मागाहून रोग येतो. १९०९ मध्ये याचा निकाल लावण्यासाठी रोगग्रस्त भागातील खाचरांत गुरे सोडण्यात आली. काहींच्या तोंडांना मुसक्या बांधून पाय उघडे ठेवले, तर काहींचे पाय जलरोधक आवरणांनी झाकले. उघड्या पायांच्या गुरांना रोग झाला, झाकलेल्यांना झाला नाही. क्योटो येथील माट्सुउरा या प्राध्यापकांचा तोंडावाटे लागण होते या मतावर इतका विश्वास होता, की त्यांनी केवळ उकळलेले पाणी पिऊन खाचरात स्वतःचे पाय बुडविले. आणि त्यांना तो रोग जडला. स्वतःचे मत खोटे ठरविणारा असा प्रयोग स्वतःच्याच देहावर करणारे विद्वान विरळा. शेतकऱ्यांचे म्हणणे खरे होते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले.

तथापि अंडे पाण्यात पडल्यापासून कृमी त्वचेत शिरेपर्यंत मध्ये काय घडते, हे कोडे अजून सुटावयाचे होते. अंड्यातून निघणारा सूक्ष्म जीव पाण्यात थोडा वेळच जगतो आणि सस्तन प्राण्याच्या त्वचेत त्याला शिरता येत नाही. मधला दुवा १९१३ मध्ये मियाइरी केइनोसुके आणि त्यांचे सहकारी सुझुकी यांना क्यूशू बेटावरील एका चारीच्या काठी गवसला. तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली, तपकिरी रंगाची, निमुळत्या शंखाची ती एक गोगलगाय होती. माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेले जीव या गोगलगाईच्या देहात शिरतात. तेथे एकाचे शेकडो होतात आणि काही आठवड्यांनी शेपटी असलेली सूक्ष्म पिल्ले होऊन पाण्यात उतरतात. त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या किंवा बैलाच्या त्वचेतून ती काही मिनिटांत आत शिरतात.

या साखळीचे मर्म नीट ध्यानी घ्यावयास हवे. गोगलगाय हा या कृमीचा नुसता आडोसा नव्हे. तिच्यावाचून त्याची पुढची अवस्था होतच नाही, आणि तीही कोणतीही गोगलगाय चालत नाही. प्रत्येक जातीचा कृमी आपल्या ठराविक जातीच्या गोगलगाईशी बांधलेला असतो. ती जेथे नाही तेथे रोगी माणूस कितीही वेळ पाण्यात उभा राहिला तरी रोग पसरत नाही. म्हणून शत्रूचे नेमके ठाणे सापडले आहे, असे कोफूच्या लोकांस वाटले, आणि त्यांनी त्या ठाण्यावर हल्ला चढविला.

प्रारंभी तो हल्ला जेवणाच्या काड्यांनी झाला. जपानी माणूस ज्या दोन काड्यांनी भात खातो, त्याच काड्या हाती घेऊन स्त्री-पुरुष आणि शाळकरी मुले पाटांच्या काठांवर ओणवी होऊन एकेक गोगलगाय वेचीत, मापाने मोजून देत आणि त्याबद्दल मोबदला घेत. १९१७ मध्ये मुलांसाठी रंगीत चित्रांची एक पुस्तिका काढण्यात आली आणि ती शाळाशाळांतून वाटली गेली. रोग कसा होतो, पाण्यात केव्हा उतरू नये, हे तिच्यात गोष्टीच्या रूपाने सांगितले होते. येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांस ही पुस्तिका जवळची वाटेल. आईबापांच्या मनातील प्रारब्धाची कल्पना दूर करण्याचे काम बहुधा त्यांच्या घरातील तिसरीचौथीतील मुलांनीच केले असावे.

परंतु काड्यांनी वेचून गोगलगाय संपत नाही. तिची वीण अफाट असते. मग कळीचा चुना टाकून पाहिला, काठांवरचे गवत जाळून पाहिले, दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक औषधे फवारली. या उपायांनी गोगलगायी घटल्या, आणि त्यांच्याबरोबर ओढ्याओढ्यांतून चमकणारे काजवेही घटले. कारण काजव्यांच्या अळ्या त्याच पाण्यातील गोगलगायींवर जगत. खोऱ्यातील एका गावाचे काजवे तर सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेले होते; तेही गेले. रोग हटविण्याची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही, ती अशीही मोजावी लागते.

दुसऱ्या बाजूने साखळीचे इतर दुवे तोडण्याचेही काम चालू होते. जपानी शेतीत सोनखताचा वापर फार. तो मैला ताजा न घालता काही काळ साठवून, कुजवून, अंडी मेल्यावरच शेतात घालावा असा प्रचार झाला आणि शौचकूपांची रचना त्या दृष्टीने सुधारली गेली. बैलांस या रोगाची लागण लवकर होते, घोड्यांस त्या मानाने कमी. म्हणून नांगरास बैलांऐवजी घोडे जुंपण्यास उत्तेजन देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्या खांद्यावर शेती केलेल्या शेतकऱ्यास घोडा घ्या म्हणून सांगणे किती कठीण असेल, हे ग्रामसेवकांस वेगळे सांगावयास नको.

निर्णायक ठरलेला उपाय मात्र स्थापत्याचा होता. ही गोगलगाय अर्धी पाण्यात आणि अर्धी काठावर राहते. मंद पाणी, गवताळ काठ आणि ओला चिखल तिला लागतो, कारण त्या चिखलातच ती अंडी घालते. मातीच्या पाटास सिमेंट-काँक्रीटचे अस्तर केले की पाण्याचा वेग वाढतो, गवत उगवत नाही, चिखल साचत नाही, आणि गोगलगाईचे घरच नाहीसे होते. १९५० च्या सुमारास हे काम हाती घेण्यात आले. १९५७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्यास सरकारी योजनेचे स्वरूप लाभले. या खोऱ्यात अस्तर केलेल्या पाटांची एकूण लांबी अखेर २,००० किलोमीटरहून अधिक भरली. मुख्य कालव्यांपासून शेताच्या बांधालगतच्या चारीपर्यंत, एकही ओघळ सोडून चालण्यासारखे नव्हते. याच काळात पुष्कळ भातखाचरांच्या जागी द्राक्षे आणि पीच यांच्या बागा आल्या. शेतकऱ्यास त्यांत पैसा अधिक मिळाला आणि पाण्यात उभे राहण्याची गरजही उरली नाही. आरोग्य खात्याने शंभर व्याख्याने देऊन जे साधले नसते ते बाजारभावाने साधले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

खोऱ्यातील शेवटचा नवा रोगी १९७८ मध्ये नोंदला गेला. १९९६ मध्ये प्रांताच्या राज्यपालांनी रोग संपल्याची अधिकृत घोषणा केली. ती गोगलगाय खोऱ्यातून समूळ नष्ट झालेली नव्हती. परंतु तिच्यात कृमी उरला नव्हता.

या साऱ्या हकिकतीत औषधाचा उल्लेख इतका अल्प का, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. १९२० च्या दशकापासून अँटिमनीच्या संयुगाची इंजेक्शने दिली जात. ती वेदनादायक होती, दीर्घकाळ घ्यावी लागत, आणि बरा झालेला शेतकरी दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच खाचरात उतरे. प्राझिक्वान्टेल हे आजचे सुरक्षित आणि गुणकारी औषध १९७० च्या दशकात तयार झाले; म्हणजे कोफूत नव्या लागणी जवळजवळ थांबल्यानंतर. ज्या देशांनी मुख्यतः औषधावर भिस्त ठेवली, त्यांपैकी एकाचा अनुभव मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ईजिप्तमध्ये याच कुळातील कृमींचा रोग फारोंच्या काळापासून आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या ममींत त्यांची अंडी मिळाली आहेत. १८५१ मध्ये थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांनी कैरो येथेच हा कृमी प्रथम पाहिला, म्हणून त्या रोगास बिल्हार्झिया म्हणतात. तेथे १९५० च्या दशकापासून सुमारे ३० वर्षे लक्षावधी ग्रामस्थांस अँटिमनीची इंजेक्शने देण्यात आली. सुया नीट उकळल्या न गेल्याने एकाच्या रक्तातील विषाणू दुसऱ्याच्या रक्तात गेला, आणि यकृत पोखरणारी हेपटायटिस सी ही व्याधी त्या देशात घरोघरी पोहोचली. मोहीम सद्‌हेतूने झाली होती. कृमी मात्र नाईलच्या कालव्यांत तसाच राहिला.

जगात आजही या कुळातील कृमींचा उपद्रव मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांस प्रतिबंधक उपचारांची गरज होती, आणि त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिकेतील होते.

आपल्या राज्याचा या विषयाशी काय संबंध, ही शंका रास्त आहे. भारतात माणसास होणारा बिल्हार्झिया जवळजवळ नाहीच. तथापि जो एक अपवाद वैद्यकीय ग्रंथांत नोंदला गेला आहे, तो महाराष्ट्रातील आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीवाटे रक्त जाणाऱ्या रोग्यांत हा कृमी असल्याचे दाखवून दिले. रोगी परदेशातून आलेले नव्हते. लागण गावच्याच पाण्यात झालेली होती. उलट्या टोपीसारखे कवच असलेली, पाण्यातील काडीकचऱ्यास चिकटून राहणारी एक इवलीशी गोगलगाय तेथे त्याची वाहक मानली गेली. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे नियंत्रणाचे प्रयत्न केले व त्यांचा वृत्तांत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणातील एका गावात जे घडले ते अन्यत्र घडेलच असे नाही. पण लघवीत रक्त दिसल्यास लाजेने ते दडवून ठेवू नये, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी रोगी कोणत्या पाण्यात पोहतो हेही विचारावे, एवढा बोध त्यातून नक्कीच घेता येतो.

गुरांच्या बाबतीत तर हा विषय आपल्या गोठ्यातलाच आहे. डबक्याकाठच्या गोगलगायींतून निघालेली पिल्ले गवतास चिकटतात, ते गवत गुरांच्या पोटात जाते आणि पानाच्या आकाराचा चपटा कृमी त्यांच्या यकृतात घर करतो. जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली पाण्याची सूज लोंबू लागते. पावसाळ्यानंतर पाणी ओसरत असलेल्या तळ्याच्या काठी गुरे चारू नयेत, या जुन्या जाणत्यांच्या सांगण्यामागे बहुधा हेच कारण असावे.

कोफूच्या घोषणेचे १९९६ हे साल आपल्या देशालाही एका वेगळ्या कारणासाठी स्मरणीय आहे. भारतातील नारूचा शेवटचा रोगी त्याच वर्षी जुलैमध्ये नोंदला गेला. नारूची वाहक गोगलगाय नव्हती, पाण्यातील सूक्ष्म पिसू होती. पण त्या रोगावरही ना लस होती ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, पाणी गाळून पिण्याची सवय घराघरांत रुजली आणि नारू गेला. महाराष्ट्रातील कित्येक गावच्या वृद्धांच्या पायांवर त्याचे व्रण अजून दिसतात. तेव्हा असे काम आपल्याकडे होत नाही, असे कोणी म्हणू नये.

शेवटी सध्याच्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हापासून शंखी गोगलगाय पावसाळी बैठकांत पिकाची कीड म्हणून चर्चिली जाते. ती उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीचीही वाहक होऊ शकते, हे मात्र फारसे बोलले जात नाही. या कृमीची पिल्ले उंदराच्या विष्ठेतून गोगलगाईत जातात. कच्ची गोगलगाय खाल्ल्याने किंवा बारीक गोगलगाय चिकटलेली न धुतलेली पालेभाजी खाल्ल्याने ती माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूच्या आवरणास सूज येते. केरळात कोचीच्या परिसरात मुलांमध्ये असे रोगी आढळले आहेत. मराठवाड्यात भीतीचे कारण नाही, पण सावधगिरीचे आहे. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर पसरून सकाळी त्यांखालील गोगलगायी वेचाव्यात, हा कृषी विभागाचा सल्ला उत्तम होय. मात्र हे वेचण्याचे काम उघड्या हातांनी, आणि तेही लहान मुलांकडून, करवून घेतले जाऊ नये. कोफूच्या मुलांच्या हाती निदान काड्या तरी होत्या. ग्रामपंचायतींनी हातमोजे किंवा चिमटे पुरवावेत, हात साबणाने धुण्याची सोय बांधावरच असावी, आणि वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात मारून खोल खड्ड्यात पुराव्यात. त्या तशाच बांधावर टाकल्या तर रात्री उंदीर त्यांवर येतात.